४.९ वर थांबलेला वर्डप्रेस ब्लॉग आजच्या आवृत्तीवर आणताना: क्रम, बॅकअप आणि परतीची वाट

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. स्वतःच्या होस्टिंगवर चालणारा वर्डप्रेस ब्लॉग ४.९ वर थांबलेला आहे, सर्व्हरवर पीएचपी (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलेलं आहे ती) ५.६ आहे, वीसेक प्लगिन (वरून जोडलेले छोटे प्रोग्रॅम) आहेत, थीममध्ये (साइटचं रूप ठरवणाऱ्या फाइलींमध्ये) कुणीतरी हाताने बदल केलेले आहेत, आणि आता होस्टिंगवाल्यांनी जुनी पीएचपी बंद करत असल्याचं कळवलं आहे. तुम्ही तीन पर्याय विचारलेत: सरळ अपडेटचं बटण दाबावं, एकेक आवृत्ती चढत वर यावं, की कोरं वर्डप्रेस बसवून त्यात जुने लेख आयात करावेत?

तिन्हींपैकी एकही जसाच्या तसा करू नका. अर्थात नेमकं काय करावं हे काही गोष्टींवर ठरेल. होस्टिंगला शेल (सर्व्हरवर थेट आज्ञा टाइप करण्याची सोय) मिळतो का, पीएचपीची आवृत्ती तुम्हाला स्वतः बदलता येते का, ब्लॉगवर फक्त लेख आणि प्रतिक्रिया आहेत की सभासद, फॉर्म, विक्री असंही काही चालतं, हे तुम्ही लिहिलेलं नाही. मी साधा ब्लॉग गृहीत धरतो. विक्री चालत असेल तर पुढची पद्धत तीच राहते, फक्त बदलाच्या वेळी साइट खरोखर बंद ठेवावी लागते, कारण मधल्या काळात आलेली ऑर्डर जुन्या बॅकअपात नसते.

एकेक आवृत्ती चढण्याची भीती आधी काढून टाका. वर्डप्रेसच्या डेटाबेस-अपग्रेडच्या कोडमध्ये जुन्या आवृत्त्यांपासूनच्या सगळ्या पायऱ्या साठवलेल्या असतात. डेटाबेसवर नोंदलेला क्रमांक बघून तो कोड राहिलेल्या पायऱ्या ओळीने पार पाडतो. त्यामुळे ४.९ वरून ५.०, मग ५.१, मग ५.२ असं करण्यात वेळ जातो आणि हाती काही लागत नाही. कोअर, म्हणजे वर्डप्रेसचा स्वतःचा मूळ कोड, सहसा मोठी उडी निमूट सहन करतं. अडतं ते आजूबाजूचं: पीएचपी, प्लगिन आणि थीम. या तिघांची वयं वेगवेगळी असतात आणि कोणत्याही क्षणी त्यांच्यातली एखादी जोडी एकमेकांशी न जुळणारी असू शकते. अपग्रेड आखणं म्हणजे मुख्यतः प्रत्येक टप्प्यावर जुळणाऱ्या आवृत्त्या शोधणं.

नव्याने बसवून आयात करण्याचा मार्ग ऐकायला स्वच्छ वाटतो, पण वर्डप्रेसच्या निर्यात फाइलमध्ये लेख, पानं, प्रतिक्रिया, वर्ग, टॅग, मेनू एवढंच येतं. विजेट्स, सेटिंग्ज, प्लगिनांनी स्वतःसाठी केलेली टेबलं, वाचकांचे पासवर्ड यातलं काही येत नाही. चित्रं जुन्या साइटवरून एकेक करून ओढली जातात आणि मोठ्या ब्लॉगवर ते मध्येच तुटतं. साइटमध्ये घुसखोरी झाली असेल आणि कोणत्याच फाइलवर विश्वास उरला नसेल, तेव्हाच मी हा मार्ग धरतो.

आता तुमच्या अडचणीचा गाभा. आजचं वर्डप्रेस पीएचपी ५.६ वर चालतच नाही. ६.३ ने पीएचपी ५ चा आधार काढला, ६.६ ने किमान मर्यादा ७.२.२४ वर नेली. उलट बाजूने, ४.९ चं कोअर थेट पीएचपी ८ वर टाकलं तर तेही कोसळेल, कारण पीएचपी ८ साठीची तयारी वर्डप्रेसमध्ये ५.६ पासून, म्हणजे डिसेंबर २०२० पासून सुरू झाली. (वर्डप्रेस ५.६ आणि पीएचपी ५.६ हा क्रमांकांचा योगायोग बऱ्याच जणांना गोंधळात पाडतो, सांभाळा.) होस्टिंगवाल्यांनी ठरल्या दिवशी परस्पर पीएचपी ८ लावली तर तुमच्या वाचकांना पांढरं पान दिसेल आणि डॅशबोर्डही उघडणार नाही. म्हणून मुदतीच्या आधी हलायचं.

यातून सुटका करणारी आवृत्ती म्हणजे वर्डप्रेस ६.२. पीएचपी ५.६ वर चालणारी ती शेवटची शाखा, आणि ती पीएचपी ७.४ वरही नीट चालते. म्हणून ती पुलासारखी वापरता येते. वर्डप्रेस डॉट ऑर्गवर जुन्या आवृत्त्यांचा संग्रह आहे, तिथून ६.२ शाखेतली सगळ्यात शेवटची फाइल घ्या. क्रम असा: पीएचपी ५.६ वर असतानाच कोअर ४.९ वरून ६.२ वर, मग पीएचपी ७.४, मग सगळे प्लगिन आणि थीम, मग कोअर ताज्या आवृत्तीवर, आणि शेवटी पीएचपी ८ च्या मालिकेतली होस्टिंगकडे असलेली, अजून सुरक्षा-दुरुस्त्या मिळणारी आवृत्ती.

मधे ७.४ वर थांबायचं कारण विचाराल तर: ७.४ जुना कोड बऱ्यापैकी सहन करते, तक्रार लॉगमध्ये लिहिते आणि पुढे जाते. ८.० त्याच ओळीवर थांबते. क्रिएट-फंक्शन आणि ईच ही दोन फंक्शनं जुन्या प्लगिनांत जागोजागी सापडतात. ७.२ ने ती कालबाह्य ठरवली आणि ८.० ने काढूनच टाकली. मोजता न येणाऱ्या गोष्टीवर काउंट चालवलं तर ७.२ पासून इशारा मिळायचा, ८.० मध्ये घातक चूक होते. म्हणजे ७.४ चा एरर लॉग हा पुढे ८ वर काय मरणार आहे याची फुकट मिळालेली यादी असतो. पण ७.४ वर मुक्काम करू नका. तिच्या सुरक्षा-दुरुस्त्या नोव्हेंबर २०२२ मध्येच संपल्या.

प्लगिन कोअरच्या नंतर का, हाही प्रश्न येतो. एरवीच्या, दर महिन्याच्या अपडेटला मी उलट करतो: आधी प्लगिन, मग कोअर. प्लगिनवाले सहसा नव्या कोअरची तयारी आधीच करून ठेवतात. तुमच्या बाबतीत मात्र प्लगिनांच्या आजच्या आवृत्त्यांना नवी पीएचपी हवी असते, त्यामुळे ५.६ वर त्या बसणारच नाहीत. म्हणून पहिल्या टप्प्यात सगळे प्लगिन बंद ठेवून फक्त कोअर हलवायचं.

हे सगळं करण्याआधी एक कंटाळवाणी संध्याकाळ यादीसाठी द्या. माझ्या अनुभवात अपग्रेडचा निम्मा निकाल इथे लागतो. प्रत्येक प्लगिनसमोर लिहा: कशासाठी आहे, शेवटचं अपडेट कधी आलं, अजून मिळतो का. डॅशबोर्डमध्ये अपडेट दिसत नाही याचा अर्थ प्लगिन ताजा आहे असा होत नाही. सुरक्षेच्या कारणावरून किंवा लेखकाने सोडून दिल्यामुळे अधिकृत यादीतून काढलेला प्लगिनही तुमच्या डॅशबोर्डवर गप्प बसतो, कारण त्याच्यासाठी अपडेटच येत नाही. विकत घेतलेल्या प्लगिनचं लायसन्स संपलं असेल तर तिथेही तीच शांतता असते. प्रत्येकाचं पान उघडून डोळ्यांनी बघण्याला पर्याय नाही. वीस प्लगिनांपैकी सात-आठ अशा कामांसाठी असतील जी आज कोअर स्वतः करतं किंवा कुणालाच नको आहेत. ते आधीच काढून टाका. काढलेला प्लगिन अपडेट करावा लागत नाही.

थीमचं वेगळं. हाताने बदललेली थीम अपडेट केली की बदल पुसले जातात, आणि अपडेट न करता ठेवली की जुना कोड राहतो. म्हणून त्या थीमची मूळ, न बदललेली तीच आवृत्ती मिळवा आणि दोन फोल्डरांची फाइल-टू-फाइल तुलना करा. बहुतेक वेळा फरक फार थोडा निघतो: स्टाइलच्या काही ओळी, फुटरमधला एखादा कोड, फंक्शन्सच्या फाइलमधली दोन फंक्शनं. ते चाइल्ड थीममध्ये (मूळ थीमवर आधारलेल्या, फक्त तुमचे बदल ठेवणाऱ्या वेगळ्या थीममध्ये) हलवले की मूळ थीम मोकळेपणी अपडेट करता येते. मूळ आवृत्ती कुठेच मिळत नसेल, थीम बनवणाराच गायब असेल, तर मी सहसा नवी थीम घेण्याचा सल्ला देतो, पण तो निर्णय अपग्रेडच्या रात्री घेऊ नका. दोन मोठे बदल एकत्र केले की बिघाड कशामुळे झाला हे सांगता येत नाही.

आता बॅकअप. ‘बॅकअप आहे’ असं सांगणाऱ्यांकडे बहुतेकदा एक प्लगिन असतो, आणि तो त्याच सर्व्हरवर, त्याच डब्ल्यूपी-कंटेंट फोल्डरमध्ये फाइली ठेवत असतो. सर्व्हर गेला की बॅकअपही गेला. शिवाय ती फाइल कधी कधी ब्राउझरमधून कुणालाही उतरवता येते. तुम्हाला दोन गोष्टी हव्यात, एकाच वेळच्या: संपूर्ण डेटाबेस आणि वर्डप्रेसचं संपूर्ण फोल्डर, त्यात लपलेल्या फाइलीसुद्धा. टिंबाने सुरू होणारी एचटीॲक्सेस फाइल (सर्व्हरच्या सेटिंगची) एफटीपी प्रोग्रॅमला (फाइली चढवण्या-उतरवण्याच्या साधनाला) बऱ्याचदा दिसत नाही आणि मागे राहते. हजारो चित्रं एफटीपीने एकेक उतरवण्यापेक्षा सर्व्हरवरच झिप करा आणि एकच फाइल उतरवा. एफटीपी मध्ये तुटल्यावर काही फाइली शून्य आकाराच्या राहतात आणि कुणाला पत्ता लागत नाही.

डेटाबेसची फाइल उतरल्यावर ती उघडून शेवट बघा. मायएसक्यूएलडम्पने (डेटाबेसची प्रत काढणाऱ्या आज्ञेने) काढलेली फाइल पूर्ण असेल तर तिच्या शेवटच्या ओळीत ‘डम्प कम्प्लीटेड’ आणि तारीख असते. पीएचपीमायॲडमिनमधून (डेटाबेस ब्राउझरमधून हाताळण्याच्या साधनातून) काढलेली मोठी निर्यात वेळेच्या मर्यादेमुळे अर्ध्यात तुटू शकते, आणि तुटलेली फाइलही दिसायला चांगली दोन-चारशे एमबीची असते.

देवनागरीत लिहिणाऱ्यांनी इथे आणखी एक गोष्ट बघायलाच हवी. वर्डप्रेस २.२ च्या आधीच्या, म्हणजे मे २००७ पूर्वीच्या ब्लॉगांत कॉन्फिग फाइलमध्ये (साइटच्या मूळ सेटिंगच्या डब्ल्यूपी-कॉन्फिग फाइलमध्ये) कॅरेक्टर सेट, म्हणजे अक्षरं बाइट्समध्ये लिहिण्याची पद्धत, सांगितलेलाच नसायचा. टेबलांवर पाटी लॅटिन-१ ची (फक्त रोमन अक्षरांसाठीची पद्धत) आणि आत मजकूर मात्र यूटीएफ-८ चा (देवनागरीही लिहिता येणारी पद्धत), अशी अवस्था असते. साइटवर सगळं छान दिसतं, कारण वाचताना आणि लिहिताना तीच चूक दोनदा होऊन फिटते. बॅकअप घेताना मात्र मधलं साधन प्रामाणिकपणे रूपांतर करतं, आणि परत आणलेल्या डेटाबेसमध्ये प्रत्येक अक्षराच्या जागी तीन तीन रोमन चिन्हं येतात, त्यात मात्रा लावलेलं रोमन ‘ए’ सारखं सारखं दिसतं. हे दिसलं तर घाबरू नका. बाइट्स शाबूत आहेत, फक्त वाचण्याची पद्धत चुकली आहे. अशा डेटाबेसची निर्यात आणि आयात दोन्ही लॅटिन-१ सांगून केली की बाइट्स जसेच्या तसे जातात. अक्षरांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं आली असतील तर मात्र त्या प्रतीतला मजकूर गेला. ती प्रत फेका आणि मूळ डेटाबेसवरून पुन्हा घ्या. आणि कॉन्फिग फाइलमधली कॅरेक्टर सेटची ओळ या संपूर्ण प्रवासात बदलू नका. ‘नवीन मानक आहे’ म्हणून कुणीतरी ती बदलतं आणि मग चूक फिटणं बंद होतं. ती दुरुस्ती करायचीच असेल तर अपग्रेड झाल्यावर, वेगळ्या दिवशी, वेगळ्या बॅकअपवर.

बॅकअप खरा आहे की नाही हे एकाच प्रकारे कळतं: त्यातून साइट उभी करून. म्हणूनच मी स्टेजिंग प्रत, म्हणजे चाचणीसाठी वेगळ्या पत्त्यावर उभी केलेली साइटची नक्कल, वेगळी चाचणी म्हणून न धरता बॅकअपचीच परीक्षा म्हणून धरतो. थेट साइटची नक्कल करणारं होस्टिंगचं बटण वापरू नका. उतरवलेल्या झिप आणि डेटाबेस फाइलमधूनच उपडोमेनवर प्रत उभी करा. ती उभी राहिली, चित्रं दिसली, मराठी नीट दिसलं, म्हणजे परतीची वाट आहे.

प्रत उभी करताना डेटाबेसमधला जुना पत्ता बदलावा लागतो. तो साध्या शोध-आणि-बदलाने करू नका. वर्डप्रेस आणि प्लगिन आपली पुष्कळ सेटिंग्ज अशा रूपात साठवतात की प्रत्येक मजकुरामागे त्याची बाइट्समधली लांबी लिहिलेली असते. पत्ता लांब किंवा आखूड झाला आणि आकडा तोच राहिला की पीएचपीला ते वाचता येत नाही, आणि विजेट्स किंवा थीमची सेटिंग्ज गायब होतात. डब्ल्यूपी-सीएलआय या शेलमधून वर्डप्रेस चालवण्याच्या साधनाची सर्च-रिप्लेस आज्ञा ही लांबी सांभाळते. आधी तिचा ड्राय-रन (काही न बदलता केलेली रंगीत तालीम) करून किती जागी बदल होणार ते बघा. शेल वापरताना हे लक्षात असू द्या की शेलमधली पीएचपी आणि वेबवरची पीएचपी वेगवेगळ्या असू शकतात. एकीवर चालतं म्हणून दुसरीवर चालेलच असं नाही.

स्टेजिंगला पासवर्ड लावा, कॉन्फिगमध्ये वर्डप्रेसचा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप कामं करणारी यंत्रणा) बंद करा आणि ईमेल जाणं अडवा. नाहीतर वेळ लावून ठेवलेला लेख तिथेही प्रकाशित होतो आणि वर्गणीदारांना चाचणीच्या पत्त्याची पत्रं जातात. त्यानंतर वर सांगितलेला पूर्ण क्रम स्टेजिंगवर एकदा पार पाडा. उपडोमेनला वेगळी पीएचपी लावण्याची सोय बहुतेक पॅनेलांत असते. पॅनेलमध्ये बदल करूनही आवृत्ती बदलत नसेल तर एचटीॲक्सेसमध्ये जुन्या पीएचपीचा हँडलर (कोणती पीएचपी वापरायची ते सांगणारी ओळ) लिहिलेला आहे का बघा. तीच ओळ थेट साइटवरही असणार.

कोअर हाताने बदलायचं तर असं: डब्ल्यूपी-ॲडमिन आणि डब्ल्यूपी-इन्क्लूड्स ही दोन फोल्डरं पूर्ण काढायची, नवी ठेवायची, आणि मुळातल्या सुट्या फाइलींवर नव्या फाइली घालायच्या. जुन्यांवर नव्या घालून भागवलं तर कोअरने सोडून दिलेल्या फाइली तिथेच राहतात. डब्ल्यूपी-कॉन्फिग आणि डब्ल्यूपी-कंटेंट यांना हात लावायचा नाही. चढवण्याआधी नव्या झिपमधून डब्ल्यूपी-कंटेंट काढूनच टाका, कारण काही प्रोग्रॅम फोल्डर मिसळण्याऐवजी बदलतात, आणि मग तुमचं अपलोड्स फोल्डर एका क्षणात जातं. मग डॅशबोर्ड उघडला की डेटाबेस अपडेट करायला सांगेल, ते करायचं.

‘सगळे प्लगिन बंद’ म्हणजे खरंच सगळे नसतात. मस्ट-यूज प्लगिनांचं (वर्डप्रेस नेहमीच चालवतं अशा प्लगिनांचं) फोल्डर यादीतून बंद होत नाही. कॅशिंग प्लगिन (पानं लवकर उघडावीत म्हणून तयार प्रती साठवणारे) डब्ल्यूपी-कंटेंटमध्ये ऑब्जेक्ट-कॅश आणि ॲडव्हान्स्ड-कॅश नावाच्या फाइली सोडून जातात, त्या प्लगिन बंद असतानाही चालू राहतात आणि नव्या कोअरला जुनी माहिती पुरवतात. त्या बाजूला करा. सुरक्षा-प्लगिनची फायरवॉल कधी कधी पीएचपीच्या सेटिंगमधूनच प्रत्येक विनंतीआधी स्वतःची फाइल चालवते. त्याचं फोल्डर हाताने हलवलं तर संपूर्ण साइट ५०० (सर्व्हरची चूक) दाखवते. असा प्लगिन त्याच्याच सेटिंगमधून नीट काढावा लागतो.

स्टेजिंगवर तपासताना मुखपृष्ठ उघडून समाधान मानू नका. वर्डप्रेस ५.५ ने जेक्वेरी मायग्रेट हा तुकडा बंद केला, जो जुना कोड नव्या जेक्वेरीशी (पानावरच्या हालचाली चालवणाऱ्या कोडशी) जुळवायचा, आणि ५.६ ने जेक्वेरीच नवी आणली. त्यामुळे जुन्या थीमचं पान अगदी पूर्वीसारखं दिसतं, पण मोबाइलवरचा मेनू उघडत नाही, चित्रांचा स्लायडर पहिल्याच चित्रावर थांबतो. ब्राउझरचा कन्सोल (पानावरच्या चुका दाखवणारी खिडकी) उघडा ठेवून प्रत्येक हलणारी गोष्ट दाबून बघा. लेख लिहा, चित्र चढवा, प्रतिक्रिया द्या, संपर्काचा फॉर्म भरा, शोधा, फीड उघडा. जुन्या लेखाची लिंक उघडत नसेल तर पर्मालिंकच्या (लेखांच्या पत्त्यांच्या) सेटिंगमध्ये जाऊन काही न बदलता एकदा जतन करा. बऱ्याचदा तेवढंच पुरतं.

संपादक बदललेला दिसेल. ५.० पासून ब्लॉक संपादक आला, ५.८ पासून विजेट्सचा पडदाही ब्लॉकचा झाला. तुमचे जुने लेख आपोआप रूपांतरित होत नाहीत. ते डेटाबेसमध्ये होते तसेच राहतात आणि उघडल्यावर एका क्लासिक ब्लॉकमध्ये दिसतात. हजार लेख बदलत बसायची काही गरज नाही. नवा संपादक नकोच असेल तर क्लासिक एडिटर आणि क्लासिक विजेट्स हे दोन प्लगिन आहेत. माझं मत विचाराल तर क्लासिक एडिटर पहिले काही दिवस लावा, म्हणजे अपग्रेडची अडचण आणि नव्या पडद्याची अडचण एकाच वेळी अंगावर येणार नाही.

बिघडलं तर. पांढरं पान आलं की कॉन्फिगमध्ये डीबग लॉग चालू करा, पडद्यावर दाखवणं बंद ठेवा. लॉगमधली पहिली घातक चूक कोणत्या फोल्डरमधल्या फाइलची आहे ते बघा. दहापैकी नऊ वेळा तिथेच प्लगिनचं नाव लिहिलेलं असतं. तो लॉग डब्ल्यूपी-कंटेंटमध्ये उघड्यावर असतो, काम झालं की काढा. ५.२ पासून वर्डप्रेस स्वतःच अशा चुकीनंतर ॲडमिनच्या पत्त्यावर रिकव्हरीची लिंक पाठवतं, म्हणून सेटिंगमधला तो ईमेल पत्ता आज चालू आहे ना, हे आधीच तपासा. साइट ‘देखभालीसाठी थोडा वेळ बंद’ असं म्हणत अडकली तर मुळातली टिंबाने सुरू होणारी मेंटेनन्स फाइल काढा. तशी दहा मिनिटांनी वर्डप्रेस तिच्याकडे दुर्लक्षच करतं.

मागे यायचं ठरलं तर फाइली आणि डेटाबेस दोन्ही मागे न्या. फक्त जुन्या फाइली परत ठेवणं अनेकदा चालल्यासारखं वाटतं, म्हणून लोक तेवढंच करतात. पण डेटाबेसचा बदल एकाच दिशेचा असतो. चांगलं उदाहरण ६.८ चं. एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या त्या आवृत्तीने पासवर्ड साठवण्यासाठी बीक्रिप्ट आणलं. माणूस एकदा लॉगिन झाला की त्याचा पासवर्ड नव्या रूपात लिहिला जातो. नंतर कोअर ६.७ वर नेलं तर त्या माणसाला आपलाच बरोबर पासवर्ड चालत नाही, आणि पहिला लॉगिन झालेला माणूस बहुधा तुम्हीच असता.

थेट साइटवरची रात्र मग साधी असते. स्टेजिंगवर केलेल्या कृती ज्या क्रमाने केल्या तशा लिहून ठेवलेल्या असतील, त्या पुन्हा करायच्या. आधी प्रतिक्रिया बंद, लिहिणाऱ्यांना कळवणं, मग नवा बॅकअप, मग बदल. स्टेजिंगवर तयार झालेला डेटाबेस थेट साइटवर उचलून नेण्याचा मोह होतो, पण मधल्या दिवसांत आलेल्या प्रतिक्रिया आणि लेख त्यात नसतात. कृती पुन्हा केलेलीच बरी. प्लगिन एकेक करून चालू करा, प्रत्येकानंतर पान उघडून बघा. वीस प्लगिन एकदम चालू करून वाचवलेला वेळ एक बिघाड शोधण्यातच जातो. आणि पीएचपी ७.४ वरून ८ ची उडी त्याच रात्री मारू नका. काही दिवस ७.४ चा लॉग साचू द्या, त्यातले इशारे निस्तरा, मग चढा. होस्टिंगची मुदत तेवढी नसेल तर आजच मुदतवाढ मागा. ७.४ वर आहोत आणि ८ कडे चाललो आहोत असं सांगणाऱ्याला ती सहसा मिळते.

यापुढे अशी वेळ येऊ नये म्हणून अपडेटचे दोन प्रकार वेगळे ओळखा. वर्डप्रेसमध्ये ५.९ वरून ६.० हे ५.८ वरून ५.९ एवढंच मोठं असतं. पहिला आकडा बदलला म्हणून त्याला वेगळं वजन नाही. तिसरा आकडा बदलतो तेव्हा ती दुरुस्ती असते, बहुधा सुरक्षेची, आणि ती त्याच दिवशी लागायला हवी. ३.७ पासून, म्हणजे २०१३ पासून, ती आपोआप लागते, कुणी मुद्दाम बंद केली नसेल तर. जानेवारी २०१७ च्या ४.७.२ मध्ये रेस्ट एपीआयची (बाहेरच्या प्रोग्रॅमांनी साइटशी बोलण्याच्या सोयीची) एक भेद्यता बुजवली होती. ती आठवडाभराने जाहीर होताच ४.७ आणि ४.७.१ वर राहिलेल्या साइटींची पानं मोठ्या प्रमाणावर विद्रूप झाली. आपोआप अपडेट चालू असलेल्यांना तोपर्यंत दुरुस्ती मिळालेली होती. मोठ्या आवृत्तीसाठी मात्र मी दोन-तीन आठवडे थांबतो, पहिली दुरुस्ती येऊ देतो.

आपोआप अपडेटवर डोळे मिटूनही बसता येत नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये आलेल्या ४.९.३ ने खुद्द आपोआप अपडेटची यंत्रणाच मोडली होती आणि दुसऱ्या दिवशी आलेली ४.९.४ हाताने लावावी लागली. बऱ्याच साइटी तेव्हापासून तिथेच राहिल्या. तुमच्या डॅशबोर्डवर ४.९.३ दिसत असेल तर ब्लॉग का थांबला याचं उत्तर बहुधा हेच. प्लगिनांसाठी आता परिस्थिती बरी आहे: ६.६ पासून आपोआप अपडेट झालेल्या प्लगिनमुळे घातक चूक झाली तर वर्डप्रेस जुनी आवृत्ती परत ठेवतं. साध्या प्लगिनांना आपोआप अपडेट द्या. साइटचा आकारच ज्यांच्यावर उभा आहे अशा एक-दोन प्लगिनांचं अपडेट हातानेच करा.

राहिली साफसफाई. बंद करून ठेवलेले प्लगिन आणि न वापरलेल्या थीम काढून टाका, कारण बंद असले तरी त्यांच्या फाइली सर्व्हरवर असतात आणि थेट पत्त्याने उघडता येतात. सर्व्हरवर झिप केलेला बॅकअप उतरवून झाला की तिथून पुसा. त्यात कॉन्फिग फाइल आहे, म्हणजे डेटाबेसचा पासवर्डही आहे. स्टेजिंगची प्रत पीएचपी ८ वर जाईपर्यंत ठेवा आणि मग उपडोमेन, तिचं फोल्डर, तिचा डेटाबेस आणि त्या डेटाबेसचा वापरकर्ता हे सगळं काढा. विसरलेल्या स्टेजिंग प्रतीला कुणी अपडेट करत नाही, आणि ती तुमच्या ब्लॉगच्याच खात्यात बसलेली असते.